रपट्याच्या वरचं शिसं

सौंसर,
रविवार, २६ जानेवारी २०२५

चि. शिवानी हिला केशवमामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सारं ठीक आहे. सकाळी शाळेत झेंडावंदनाला जाऊन आलो, बुंदीचा लाडू मिळाला. बागेतल्या झाडांचं पाणी महिनाभर तोडलं होतं, ते परवा सोडलं. आता पंधरा दिवसांत संत्र्याला फुलं दिसतील. तू हैदराबादला वेळेवर जेवतेस असं तुझी आई सांगते, पण तुझी आई म्हणजे माझी धाकटी बहीण, तिचं मी लहानपणापासून अर्धंच खरं धरतो.

मोबाइल असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अडतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली नऊ पोस्टमास्तर म्हणून. लोकांची पत्रं पोचवता पोचवता स्वतः लिहायची राहून गेली, ती आता लिहितो. शिवाय फोनवर मला सगळं नीट बोलता येत नाही. मधेच कुणीतरी दारात येतं.

तर बातमी अशी की तू पाठवलेलं ते व्याख्यानमालेचं पत्रक मी फुकट जाऊ दिलेलं नाही. 'पृथ्वीविज्ञानातील चालू संशोधन', सहा शनिवार, सर्वांना मुक्त प्रवेश. तू पत्रक पाठवलंस ते सहाव्या शनिवारी तुझं नाव आहे म्हणून. मी म्हटलं, सहावं कळायला हवं तर आधीची पाच ऐकली पाहिजेत. शेजारच्या बागेच्या नत्थूजीला विचारलं. तो म्हणाला, "चहा देऊन राहिले का थे लोकं?" पत्रकात चहापान लिहिलेलं दाखवलं, तेव्हा तयार झाला. आता दर शनिवारी सकाळी सातची नागपूर बस आणि आम्ही दोघे.

पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या दारात एक मुलगी नावं लिहून घेत होती. तिने विचारलं, "आपला विषय?" मी म्हटलं, टपाल. तिने लिहिलं. नत्थूजीला विचारलं, तर तो म्हणाला, "संत्रा." तेही तिने लिहिलं. नागपूरच्या विद्यापीठात आमची अशी नोंद आहे.

आणि पोरी, पहिलंच व्याख्यान आपल्यावर. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'सौंसर समूह'. मला वाटलं एखाद्या सहकारी संस्थेचं नाव असेल. नत्थूजी कानात म्हणाला, "हे आपलंच सौंसर होय का दुसरं कोनतं?" सर सांगू लागले की इकडचे मँगनीजवाले खडक, संगमरवर, चकाकणारा अभ्रकाचा दगड, या सगळ्यांच्या गटाला जगभर सौंसरच्या नावाने ओळखतात. शंभर कोटी वर्षांहून जुने, नेमके किती जुने यावर अजून भांडण चालू आहे. ज्या गावच्या पत्राला मी पिनकोड शोधून द्यायचो, त्या गावाचं नाव कोट्यवधी वर्षांच्या दगडांना दिलेलं आहे, आणि मला हे सदुसष्टाव्या वर्षी कळलं. सरांनी सहज विचारलं, इथे कुणी सौंसरचं आहे का? आम्ही दोघांनी हात वर केले. सगळं सभागृह वळून आमच्याकडे पाहू लागलं. त्या दिवशी आम्हाला चहा दोनदा मिळाला.

दुसरं व्याख्यान काळ्या दगडाचं. पांढुर्ण्याच्या बाजूचा सारा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थराथरांनी वाहत आलेला लाव्हा. संध्याकाळी मी तुझ्या आईला फोन करून सांगितलं, "जयश्री, तुझं सासर लाव्ह्यावर बसलं आहे." ती म्हणाली, "दादा, थे मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी समजलं होतं." तुझे बाबा तिथेच बसून राहिले होते म्हणे.

काल तिसरं झालं, जमिनीतल्या पाण्याचं. खोल बोअरचं पाणी काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं असतं आणि त्याचं वय मोजता येतं. नत्थूजी उभा राहिला. म्हणाला, "सर, मी सातशे फुटावरून मोटर लावून थे पानी संत्र्याले देऊन राहिलो. म्हंजे मी कोनाच्या काळचं पानी देऊन राहिलो?" लोक हसले, पण सर हसले नाहीत. म्हणाले, हाच प्रश्न आमच्या विभागाने दहा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. नत्थूजी तेव्हापासून जरा ताठ चालतो.

आता तुझ्या पीएच.डी.च्या शोधाचं. तू पाठवलेला नकाशा मी मोठा करून दहादा पाहिला. लोधीखेड्याच्या बाजूच्या आपल्या नाल्यातून तू सव्वीस ठिकाणची माती नेलीस. नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, म्हणजे आपल्या रपट्याच्या वरच्या अंगाला अकराही ठिकाणी शिसं भरपूर, आणि रपट्याच्या खाली पंधरा ठिकाणी जवळजवळ नाहीच. मधून तू लाल रेष ओढली आहेस. तिथून जमिनीखाली एखादी मोठी भेग गेली असावी आणि त्या भेगेतून शिसं वर आलं असावं, असा तुझा तर्क. तुझे सर शंका काढतात, पण तू त्यांना म्हणालीस की चूक असती तर ती विखुरलेली असती, अशी शिस्तीत रेषेच्या एकाच बाजूला बसली नसती. हे मला पटलं. वाचून आनंद झाला. खूपच झाला.

एक सहज विचारतो. ती माती यंत्रात घालण्याआधी धुतात का? आणि एका पिशवीतली किती घेतात, वरवरची की सगळी कालवून? नत्थूजीशी बोलता बोलता विषय निघाला होता, म्हणून.

जपून राहा. सहाव्या शनिवारी आम्ही पहिल्या रांगेत असू.

तुझा,
केशवमामा


सौंसर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. शिवानी हिला आशीर्वाद.

संत्र्याला फुलं आली. ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. सगळ्या बागेत वास सुटला आहे आणि मधमाश्यांनी नत्थूजीच्या म्हाताऱ्या बैलाला हैराण करून सोडलं आहे. थंडी ओसरली. माझा गुडघा बरा आहे.

काल चौथं व्याख्यान झालं. बोलणाऱ्या बाई लहान चणीच्या, आवाजही बेताचा, पण ध्वनिक्षेपक नको म्हणाल्या आणि सगळं सभागृह गप्प बसून ऐकत होतं. विषय असा की मातीचा नमुना शेतातून निघून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याच्यात काय काय शिरू शकतं. त्या म्हणाल्या, आम्ही दहा लाखांत एक कण मोजतो, तेव्हा हातातली अंगठीसुद्धा काढून ठेवावी लागते. अगरबत्तीची राख, गाडीचा धूर, पिशवीवरची शाई, सगळं मोजलं जातं आणि यंत्राला ते कुठून आलं हे कळत नाही. मला फार आवडलं. पोस्टातही असंच असतं, एक पत्र चुकीच्या थैलीत गेलं की ते थेट दुसऱ्या जिल्ह्यात निघतं, आणि थैलीचा काही दोष नसतो.

मग त्यांनी एकेका धातूची यादी दाखवली. शिसं कुठून येतं: जुना तेलरंग, बॅटरी, बंदुकीचे छर्रे, शेंदूर.

मी वहीत 'शेंदूर' एवढं लिहिलं आणि पुढचं काही लिहिलं नाही. पान तसंच आहे.

चहाच्या सुट्टीत मी त्या बाईंना गाठलं आणि विचारलं, शेंदूर म्हणजे आपला मारुतीचा? त्या म्हणाल्या, हो काका, खरा जुना शेंदूर म्हणजे जवळजवळ शिसंच, चिमूटभरसुद्धा पुष्कळ होतं. नत्थूजी म्हणाला, "काहून भाऊ, चेहरा असा काहून झाला? समोसा घ्या ना." मी घेतला नाही. माझाही त्यानेच खाल्ला.

काल संध्याकाळपासून मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू उचललास, तिन्ही वेळा मी तुला फुलांची बातमी सांगितली. तू शेवटी म्हणालीस, मामा, कळलं, फुलं आली. म्हणून आता लिहितो. पत्रात मधेच कुणी दारात येत नाही, हे मी मागे लिहिलं होतं. खरं तर फोनवरही कुणी आलं नव्हतं.

तुझ्या मामीची पद्धत तुला माहीत आहे. आपल्या जमिनीतून निघालेली कुठलीही चीज पहिल्यांदा घराबाहेर जायला निघाली की तिला देवका शेंदराचं बोट लावायची. संत्र्याच्या पहिल्या टोपलीला, कापसाच्या पहिल्या गाठोड्याला. विहीर खोदली तेव्हा पहिला दगड बाहेर काढला, त्यालाही. मी तिची थट्टा करायचो. म्हणायचो, झालं, आता याच्यावर टपालाचा शिक्का बसला, आता पोचणार. ती म्हणायची, "तुमच्या शिक्क्याचं पोचते, तं माह्यं काहून नाही पोचनार?" आणि मी हसायचो. गावात मला सगळे काहीही न मानणारा माणूस म्हणून ओळखतात, आणि ती ओळख मी सांभाळून ठेवली आहे.

नोव्हेंबरात तू तीन आठवडे इथे होतीस. निघायच्या सकाळी तुझ्या सव्वीस पिशव्या ओसरीवर ओळीने मांडलेल्या होत्या. आपल्याच नाल्याची माती पहिल्यांदा घराबाहेर, तीही हैदराबादपर्यंत निघाली होती. देवका जाऊन तेव्हा दोन वर्षं व्हायची होती. तिची शेंदराची पितळी डबी कपाटात होती, तशीच, ती ठेवून गेली तशी.

मी प्रत्येक पिशवीची नाडी सोडली आणि चिमूट चिमूट शेंदूर आत टाकला.

तू मला बजावलं होतंस, "मामा, पिशव्यांना हात लावू नका बरं." म्हणून मी बाहेरून लावला नाही. बाहेर डाग दिसला असता आणि तू रागावली असतीस. आत टाकला की दिसणार नाही, असा विचार केला. नाल्याची माती तशीही तांबूस. एवढं डोकं मी लावलं, आणि नेमकं चुकीच्या जागी लावलं.

आता पुढचं नीट वाच, कारण हेच महत्त्वाचं आहे. तू नाल्याच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत पिशव्यांना क्रमांक दिले होतेस. मी टपालाची छाटणी करणारा माणूस, मी एकपासून सुरुवात केली आणि क्रमाने गेलो. एक, दोन, तीन. नाडी सोडायची, चिमूट टाकायची, नाडी पहिल्यासारखी बांधायची. अकराव्या पिशवीला डबी संपली. तळ खरवडला तरी बाराव्यासाठी निघेना.

अकरावी पिशवी रपट्याच्या अगदी वरची आहे. बारावी रपट्याच्या खालची.

शिवानी, तुझ्या नकाशावरच्या लाल रेषेखाली भेग वगैरे काही नाही. तिथे तुझ्या मामीची डबी संपली. तू सरांना म्हणालीस की चूक इतकी शिस्तीत होणार नाही. ती शिस्त माझी होती.

मागच्या पत्रात मी विचारलं होतं ना, माती धुतात का. तेव्हा मला शिशाचं काही माहीत नव्हतं. पण पिशव्या उघडल्याचं मनात खुपत होतं, म्हणून आडून विचारलं. तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं.

आता पंधरा तारखेला तू दोनशे लोकांपुढे उभी राहणार. तुझे सर, बाहेरगावचे मोठे मोठे लोक. मी गप्प राहिलो तर त्या दिवशी टाळ्या मिळतील. मग वर्षभरात कुणीतरी आपल्या नाल्यावर येईल, पिशवीभर माती नेईल, आणि तिच्यात काही सापडणार नाही. ते तुला खोटारडी म्हणतील आणि मला ते कधी कळणारही नाही. चार वर्षांची तुझी मेहनत आहे. ती माझ्या चिमटीपायी मातीत जाऊ नये, एवढंच मला आता हवं आहे. माझ्यावर रागव, वाटेल तितकी रागव, पण व्याख्यानाच्या आधी रागव, म्हणजे नकाशा बदलायला वेळ मिळेल.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून चालायचं नाही, हे मी चार व्याख्यानांत शिकलो आहे. पुरावा लागतो. म्हणून डबी सोबत पाठवतो. तळाला, कडेच्या खाचेत थोडा रंग आहे. तोच तुझ्या अकरा पिशव्यांत आहे का, ते यंत्राला विचार. डबी परत नाही आली तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. काम झालं की परत दे.

हे पार्सल उद्या सकाळी मी स्वतः पोस्टात जाऊन देईन. खिडकीतला नवा मुलगा विचारेल, "साहेब, आत काय आहे?" मी म्हणेन, नमुना.

तुझा अपराधी,
केशवमामा


सौंसर,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवानीला उदंड आशीर्वाद.

गाडी वेळेवर पोचली हे जयश्रीकडून कळलं. इथे दोन दिवस नत्थूजीने गावात इतक्या ठिकाणी तुझं व्याख्यान दिलं आहे की आता लोधीखेड्याच्या लोकांनाही शिशाचे गुणधर्म पाठ झालेत. चुका बऱ्याच करतो, पण ऐकणारे खूष असतात.

तू मंचावर होतीस, तुला खाली काय चाललं होतं ते दिसलं नसेल. म्हणून खालचं लिहितो.

तुझा निरोप पाच तारखेला आला होता. "पत्र आणि डबी मिळाली. पंधराला या. नत्थूकाकांना आणा." पुढे काही नाही. दहा दिवस मी तो निरोप उघडून पाहत होतो, तू अजून काही लिहिलं असशील म्हणून. फोन करायचा धीर झाला नाही. मधल्या शनिवारी भूकंपांवर व्याख्यान झालं, त्यातलं मला काही आठवत नाही. नत्थूजीला विचारलं, तर तो म्हणाला, चांगलं होतं, ढोकळा होता.

पंधराला आम्ही पहिल्या रांगेत बसलो. जयश्री पांढुर्ण्याहून रेल्वेने आली होती, तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. तू निळ्या साडीत आलीस. आमच्याकडे पाहिलंस आणि हसली नाहीस. मी मनात म्हटलं, केशवराव, झालं ते झालं, आता मान वर ठेवून ऐका.

तू पहिलाच नकाशा लाल रेषेसकट लावलास. वाटलं, पत्र वाचूनही ही तसंच सांगणार की काय. तू शांतपणे सांगत होतीस, रपट्याच्या वर इतकं, रपट्याच्या खाली इतकं. मागच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक म्हणाले, वा, काय सुरेख सीमा आहे. जयश्री मला कोपराने म्हणाली, "पाह्य दादा, पाह्य." मी कुठे पाहू ते मला कळेना.

मग तू म्हणालीस, "ही सीमा मला दोन महिने फार आवडत होती. आता ती कशाची आहे ते दाखवते." आणि पुढचं चित्र आलं.

देवकाची डबी. एवढी मोठी, भिंतभर. झाकणावरची तिची ती चेपलेली बाजूसुद्धा दिसत होती.

तू सगळं सांगितलंस. मामीची पद्धत, सव्वीस पिशव्या, एकपासूनचा क्रम. डबीच्या तळातला रंग आणि अकरा पिशव्यांतला रंग यंत्रात शेजारी शेजारी ठेवला, तर दोन्हीतल्या शिशाची जात एकच निघाली, आणि आपल्या इकडच्या खडकातल्या शिशाची वेगळी, हे तू आकड्यांनिशी दाखवलंस. ते आकडे मला कळले नाहीत, पण ते खरे आहेत एवढं कळलं. मग ते म्हातारे प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, सगळं मान्य, पण बरोबर अकरालाच का थांबलं?

तू म्हणालीस, "सर, डबी संपली."

पोरी, तो हशा मी आयुष्यभर विसरणार नाही. चेष्टेचा नव्हता. आपल्या घरातल्याच कुणाची गंमत ऐकून माणसं हसतात, तसा होता. त्या चौथ्या व्याख्यानाच्या लहान चणीच्या बाई डोळे पुसत होत्या. जयश्रीच्या तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला आणि ती माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दादा, तू?" बस, सगळ्यांना कळलं तो मामा कोणता. विभागप्रमुख मॅडमनी मला उभं केलं. विचारलं, काका, काम क्रमानेच केलं होतं ना, मधली एखादी पिशवी सुटली नव्हती? मी म्हटलं, "एक ते अकरा, मॅडम. एकही सुटली नाही." त्या म्हणाल्या, आमच्या विद्यार्थ्यांना हीच शिस्त शिकवता शिकवता आमचे केस पांढरे झाले.

टाळ्या तुला त्याच्यानंतर पडल्या, ते तू ऐकलंसच. तुझे सर म्हणाले की हा निबंध छापायला गेला असता तर तुझं नाव कायमचं गेलं असतं, आणि आता ते कायमचं राहील. खालच्या पंधरा पिशव्या निर्मळ आहेत, वरच्या अकरा पुन्हा घ्यायच्या, एवढंच नुकसान. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. नत्थूजीने माझ्या हातात समोसा दिला. या वेळी मी तो कुणाला दिला नाही.

शेवटच्या चित्रात तू तो नकाशा परत लावलास. लाल रेष पुसलेली नव्हती, तुटक केली होती. तिच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'देवका रेषा'. अडतीस वर्षं मी हजारो लोकांची नावं पाकिटांवर वाचली. माझ्या बायकोचं नाव असं कुठे लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिला पत्र यायचंच नाही, कोण लिहिणार, मी तर घरातच असायचो. नत्थूजी म्हणाला, "भाऊ, वहिनीचं नाव." मी म्हटलं, दिसून राहिलं. आणि मग मला काही दिसलं नाही. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो, शिवानी. त्या दिवशी हसता हसता रडलो आणि फार बरं वाटलं.

आता एक राहिलं. मागच्या पत्रात मी खरं लिहिलं, पण सगळं लिहिलं नाही. तू दोनशे लोकांपुढे सगळं सांगितलंस, तर मी एकट्या तुझ्यापुढे एवढं सांगितलं पाहिजे.

ती डबी मी त्या सकाळी पिशव्यांसाठी काढलीच नव्हती.

तू आपल्या घरून नागपूरला होस्टेलला जायचीस, तेव्हापासून देवका तुला उंबऱ्यात थांबवायची आणि कपाळाला बोट लावायची. तू घाईत असायचीस, बस सुटेल म्हणायचीस, तरी थांबायचीस. ती गेल्यानंतर तू पहिल्यांदाच इथून हैदराबादला निघाली होतीस आणि घरात लावणारं कुणी नव्हतं. मी डबी घेऊन तुझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिलो. तू केस विंचरत होतीस. तू विचारलंस, "काय मामा?" जन्मभर ज्या गोष्टीची थट्टा केली ती माझ्याच हाताने करायची, तीही तुझ्यासमोर, हे मला जमेना. मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतली का?" तू म्हणालीस, घेतली. मी परत ओसरीवर आलो. हातात डबी तशीच होती आणि समोर तुझ्या पिशव्या होत्या. त्यांच्याशी मला लाज वाटली नाही.

शनिवारी स्टेशनवर तू पाया पडलीस, डबी माझ्या हातात परत दिलीस, आणि मी काय बोललो ते आठवतं? "पाण्याची बाटली घेतली का?"

मार्चमध्ये त्या अकरा जागांची माती घ्यायला येतेस, असं ठरलं आहे. पिशव्यांना मी हात लावणार नाही. निघायच्या दिवशी तू त्या आधी गाडीत नेऊन ठेव आणि गाडीला कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडेच असू दे. मग परत ये आणि उंबऱ्यात दोन मिनिटं उभी राहा. शेंदूर नाही, त्याचं काय ते मला आता कळतं. जयश्रीने घरी दळलेली हळद दिली आहे, ती मी डबी घासून तिच्यात भरून ठेवली आहे. तुला शंका असेल तर यंत्रात घालून बघ. मला थोडा वेळ लागेल, याची सवय नाही. तू बस सुटेल म्हणू नकोस.

तुला कपाळाला बोट लावायचं राहून गेलेला,
तुझा मामा